विजू बिराजदारची झोप

विजयालक्ष्मी बिराजदार चिडली की तिचा आवाज खाली यायचा. आम्ही बाकीचे सगळे, म्हणजे सोलापुरातल्या आमच्या त्या जुन्या शाळेतले शिक्षक, चिडलो की ओरडायचो. विजू जितकी संतापायची तितकी हळू बोलायची. समोरच्याला पुढं वाकून ऐकावं लागायचं. नववीच्या वर्गातला दंगा ती अशीच थांबवायची. खडू खाली ठेवायची, हात झटकायची आणि पुटपुटल्यासारखं काहीतरी म्हणायची. बाई काय म्हणाल्या ते कळावं म्हणून अख्खा वर्ग गप्प व्हायचा.

ती रुजू झाली त्याच आठवड्यात मी हा प्रकार पाहिला. शिक्षिकांच्या स्वच्छतागृहाला तेव्हा कुलूप असायचं आणि किल्ली ऑफिसात क्लार्कच्या खणात. जायचं असलं की क्लार्कसमोर, तिथं बसलेल्या पालकांसमोर हात पुढं करायचा. विजूनं पहिल्यांदा किल्ली घेतली ती परत दिलीच नाही. मुख्याध्यापकांनी बोलावून जाब विचारला. मी तेव्हा हजेरीच्या कामासाठी तिथंच होते. ती म्हणाली, “सर, तुमच्या बाथरूमची किल्ली कुणाकडं असते?”

“त्याला कुलूप नाही,” सर म्हणाले.

“मग आमच्याला कशाला?” आवाज इतका खाली की सरांनी मान पुढं केली. “कारण असंल तर सांगा की. तोंडावर सांगा.”

कारण नव्हतंच. कुलूप गेलं.

“तोंडावर सांगा की” हे तिचं रोजचं वाक्य. मागून बोललेलं तिला चालायचं नाही, मग ते कौतुक असो नाहीतर चहाडी. अक्कलकोटच्या पलीकडं, कर्नाटकाची हद्द जिथं हाकेच्या अंतरावर आहे अशा गावात ती वाढली. घरात कन्नड, शाळेत मराठी. वडील कोरडवाहू रानात तूर आणि ज्वारी करायचे. विजू गणित शिकवायची, शुद्ध मराठीत शिकवायची, पण स्वतःशी हिशेब करताना तिचे ओठ कन्नडमध्ये हलायचे. ओंदु, एरडु, मूरु. पोरांना हे ठाऊक होतं आणि त्यांनाही तशी सवय लागली होती. मी मराठी शिकवते, तिच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी. सगळे मला देशमाने मॅडम म्हणायचे. ही पहिल्या महिन्यापासून अक्का म्हणायला लागली, आणि मीही तिला विजू म्हणू लागले.

तिचा नवरा शिवानंद चिंचोळीच्या एमआयडीसीत पाळीनं कामाला होता. घर जुळे सोलापुरात. घरात हे दोघं आणि सासूबाई. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिला दिवस राहिले होते आणि सातव्या महिन्यात सगळं संपलं होतं. त्याबद्दल ती माझ्याशी एकदाच बोलली. “हालचाल थांबली होती, अक्का, आणि मी झोपले होते,” एवढंच म्हणाली, आणि पेपर तपासायला लागली. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की झोपण्याचा आणि त्याचा काही संबंध नाही. ते तिच्या डोक्याला कळलं होतं, जिवाला नाही.

म्हणून दुसऱ्या वेळी तिनं आनंद जपूनच केला. पाचवा महिना उलटून गेल्यावर तपासणीत साखर निघाली. गरोदरपणातला मधुमेह. बाळ झालं की बहुतेकींचा जातो, पण तोवर जेवणाखाण्याला, सगळ्याला पहारा. बोटाला सुई टोचायचं यंत्र घरी आलं. दिवसातून कितीदा तरी टोचायचं, आकडा बघायचा, डॉक्टरला कळवायचा. हे सगळं तिनं मुकाट्यानं केलं. गणिताची बाई होती, आकड्यांना ती घाबरत नव्हती.

घाबरवलं ते माणसांनी. या साखरेचं एक विचित्र आहे. कुणा बाईला गरोदरपणी कावीळ झाली तर लोक काळजी करतात. साखर झाली की चौकशी करतात. काय खाल्लं होतं, आधी वजन किती होतं, माहेरी कुणाला आहे. जणू तिनं काहीतरी चोरलं आहे. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी निकाल दिला होता, “आमच्याकडं कुणालाच न्हाई साखर. तुझ्या माहेरची आसंल.” स्टाफरूममध्ये तर प्रत्येकीकडं औषध होतं. एक म्हणायची मेथ्या खा, दुसरी म्हणायची भात सोड, तिसरी डब्यातला लाडू तिच्यापुढं धरून म्हणायची, “एवढ्यानं काय होतंय,” आणि तिनं नाही म्हटलं की त्याच तोंडानं, “बरोबर आहे बाई, बाळाचा विचार करायला हवा.” मी एकदा त्या बाईला म्हटलं, आधी ठरवा तुम्हाला लाडू द्यायचा आहे की उपदेश. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. माझं काही अडलं नाही.

आणि मग झोप गेली.

कशी गेली ते तिनं मला तुकड्यातुकड्यानं सांगितलं, मधल्या सुटीत, जिन्याच्या खाली. तिला सारखं लघवीला उठावं लागायचं. डाव्या कुशीवर झोपायचं म्हणून सांगितलेलं, त्या कुशीचा हात बधिर व्हायचा. आमच्या सोलापुरात नळाला पाणी कधी येईल हे देवालाही सांगता येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, आणि येतं ते नेमकं सगळं जग झोपलेलं असताना. सासूबाईंचे गुडघे दुखतात, शिवानंद पाळीवर नाहीतर पाळीवरून येऊन पडलेला, म्हणजे पिंपं भरायची हिनं. हे सगळं झालं तरी माणूस परत अंथरुणावर पडल्यावर झोपू शकतो. तिला ते जमत नव्हतं. ती पोटावर हात ठेवून हालचाल मोजत पडायची. डोळा लागला आणि त्याच वेळी हालचाल थांबली तर, हे तिच्या मनातून जायचं नाही.

सकाळी उपाशीपोटी टोचलं की आकडा वर. दिवसभर ती जे ठरवून दिलंय तेच खायची, जेवणानंतरचे आकडे चांगले यायचे, पण सकाळचा हट्टानं वर. तिचा डॉक्टर शहरातल्या एका खासगी दवाखान्यातला. त्या दवाखान्याच्या भिंतीवर गुबगुबीत बाळांची चित्रं होती आणि बाहेर बायकांची रांग. मी एकदा तिच्याबरोबर गेले होते. त्यानं आकडे बघितले, तिच्याकडं न बघता विचारलं, “रात्री काय खाता?”

“काही नाही.”

“काही नाही कसं? खाल्ल्याशिवाय वाढत नाही. खरं सांगा, बाळाचा प्रश्न आहे.”

“सर, झोप लागत नाही मला.”

“या दिवसांत कुणालाच लागत नाही. नेक्स्ट.”

मला तो ‘नेक्स्ट’ अजून ऐकू येतो. रात्रीची झोप मोडली की सकाळची साखर वर जाते, हे मला पुढं दुसऱ्या डॉक्टरनं सांगितलं, आणि ते काही गुपित नव्हतं. या माणसाला ते माहीत असणारच. त्यानं फक्त ऐकायचे कष्ट घेतले नाहीत. त्याला शिवानंदशी बोलायला मात्र वेळ होता. त्याला फोन करून म्हणाला, घरात लक्ष ठेवा, चोरून खातायत. संध्याकाळी सासूबाईंनी साखरेचा आणि गुळाचा डबा उचलून स्वतःच्या कपाटात ठेवला आणि कपाटाला किल्ली लावली.

हे सांगताना विजूचा आवाज खाली यायला हवा होता. मी त्याची वाट बघत होते. ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, “चालतंय की, अक्का.”

‘चालतंय’ हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला आणि मला तो अजिबात आवडला नाही.

शाळेत मात्र तिला झोप यायची. दिवसाउजेडी, आसपास माणसांची बोलणी चालू असताना, आपल्याला काही झालं तर कुणीतरी हाक मारेल अशा जागी तिचा जीव सैल पडायचा. ऑफ तासाला ती स्टाफरूमच्या टेबलावर वह्यांच्या गठ्ठ्यावर डोकं ठेवायची आणि क्षणात गाढ झोपायची. घंटा झाली की मी तिच्या खांद्यावर हात ठेवायचे. झोपेपायी तिचा एकही तास कधी चुकला नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं ती तास बुडवते असं बोललं गेलं.

चित्रकलेचे घाडगे सर म्हणून होते. विनोदी माणूस अशी त्यांची ख्याती. मी वर्गावर असताना त्यांनी तिचा झोपलेला फोटो काढला. तोंड उघडं, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ वहीवर आलेली, पदर घसरलेला, पोट टेबलाच्या कडेला टेकलेलं. खाली लिहिलं, ‘आमच्या शाळेचा शांतता तास’, आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. मी वर्गातून येईपर्यंत त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग लागली होती. लाडूवाल्या बाईंनी लिहिलं होतं, ‘गोड बाळ आतून अंगाई गातंय वाटतं.’ मुख्याध्यापकांनी अंगठा दाखवला होता.

मी घाडग्यांना व्हरांड्यात गाठलं. “काढून टाका तो.”

“अहो मॅडम, गंमत. घरचीच माणसं आपण.”

“बायकोचा असा फोटो टाकाल का गटावर? पदर घसरलेला?”

“तुम्ही भलतीकडं नेता बघा.” ते हसतच होते. मोबाईल काढून त्यांनी माझ्यासमोर तो पुसला आणि म्हणाले, “झालं समाधान?” पण तोवर तो सगळ्यांच्या मोबाईलमध्ये उतरला होता. दोन दिवसांनी दहावीच्या एका मुलाकडं सापडला.

मुख्याध्यापकांनी विजूला बोलावलं. घाडग्यांना नाही, विजूला. “बाई, तब्येत झेपत नसेल तर रजा टाका. शाळा झोपायला नाही.” ती उभी होती, दोन्ही हात पोटाखाली धरून. म्हणाली, “चालतंय सर. नाही झोपणार.”

आणि झोपली नाही. घरी झोप नव्हती, शाळेतली ह्यांनी काढून घेतली. पुढचे काही आठवडे मी एका माणसाला विझताना बघत होते. ती जेवायची, पण सांगितल्यासारखी. बोटाला टोचायची, पण आकडा बघायची नाही. मी रोज विचारायचे, ती रोज “बरी आहे की” म्हणायची. रजा टाक म्हटलं तर म्हणाली, “घरी बसून काय करू? घरी तर कपाट आहे.” मी शिवानंदला फोन केला. तो भला मुलगा, पण त्याच्याकडं एकच उत्तर, “डॉक्टर म्हणतात नॉर्मल आहे, मॅडम.” एके दिवशी आठवीच्या दोन मुली माझ्या वर्गाच्या दाराशी आल्या. “बाई, बिराजदार बाई रडत न्हाईत, पण त्यांच्या डोळ्यांतनं पाणी येतंय.” मी गेले. ती फळ्यासमोर उभी होती, हातात खडू. गणित अर्ध्यावर थांबलेलं. साधं त्रैराशिक. तिला पुढची पायरी सापडत नव्हती.

त्याच आठवड्यात मधल्या सुटीनंतर ती वर्गावर गेलीच नाही. पर्स टेबलावर, मोबाईल टेबलावर, डबा न उघडलेला. फाटकावरच्या माणसानं सांगितलं, बाई चालत सिद्धेश्वर तळ्याकडं गेल्या. शाळेपासून तळं लांब नाही. माझं वय आणि माझे पाय, तरी मी त्या दिवशी कशी गेले मला सांगता येणार नाही.

ती पायऱ्यांवर बसली होती. भर उन्हात. आजूबाजूला माणसं होती, फुलवाले, दर्शनाला आलेले, खाली पोरं माशांना लाह्या टाकत होती. मी शेजारी बसले. ती पाण्याकडंच बघत होती.

“अक्का, मला नुसतं झोपायचं आहे,” ती म्हणाली. “उठायचंच नको, असं.”

माझ्या आयुष्यात मी इतकी कधी भ्याले नव्हते. पण आडून बोललेलं तिला कधीच चाललं नव्हतं, म्हणून मी सरळच विचारलं. “विजू, जीव द्यायचा विचार येतो का?”

तिनं पायरीवरचा एक खडा उचलून पाण्यात टाकला. मग म्हणाली, “येतो. रोज येतो. मग हे आत लाथ मारतं आणि मी थांबते. आणि मग मला त्याचाच राग येतो. आई आहे का मी अक्का? पोटातल्या लेकराचा राग येतो मला.”

“तू झोपलेली नाहीस,” मी म्हटलं. “किती दिवस झाले तू झोपलेली नाहीस. हे आजारपण आहे. तू वाईट नाहीस.”

मी तिचा हात सोडला नाही. रिक्षात नाही, दवाखान्याच्या रांगेत नाही. त्या खासगी दवाखान्यात नेलंच नाही. मोठ्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारांचा विभाग आहे, तिथं नेलं आणि वाटेत शिवानंदला कळवलं. तिथली डॉक्टर अगदी तरुण होती, विजूपेक्षाही लहान असेल. फाईल तिनं बाजूला ठेवली. खुर्ची टेबलाच्या अलीकडं ओढली आणि विचारलं, “झोप कशी आहे तुमची?”

विजूनं तिच्याकडं बघितलं. मग ती बोलायला लागली. पाणी, पिंपं, कपाटाची किल्ली, फोटो, सात महिन्यांचं ते पहिलं बाळ, सगळं. मध्येच कन्नडमध्ये जायची, आणि ती डॉक्टर थांबवत नव्हती. कळत होतं की नव्हतं कुणास ठाऊक, पण मान हलवत होती. इतके आठवडे इतके लोक या बाईच्या साखरेवर नजर ठेवून होते, आणि एवढा एक प्रश्न कुणाला सुचला नव्हता. मला त्या डॉक्टरच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्याच वेळी कुणालातरी कानफटात मारावंसं वाटलं.

तिला दाखल करून घेतलं. प्रसूती विभागाच्या डॉक्टरांनी रात्रीचं इन्सुलिन सुरू केलं, ह्या डॉक्टरनं गरोदरपणात चालतील अशा गोळ्या दिल्या. हालचालीची काळजी आमच्यावर सोडा, आम्ही बाळाचे ठोके बघत राहू, असं परिचारिकांनी तिला सांगितलं, आणि खरोखर बघत राहिल्या. विजू झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हाही झोपलेलीच होती. खाटेशेजारी तिची आई, तिची अव्वा, बसली होती, गावाकडून पहिल्या गाडीनं आलेली. तिनं मला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. चार दिवसांत सकाळचा आकडा खाली आला.

डॉक्टरनं शिवानंदला आणि सासूबाईंना बोलावून घेतलं. मी दाराशी होते. ती म्हणाली, “ह्या चोरून काही खात नव्हत्या. ह्यांना झोप मिळत नव्हती. आजारी होत्या, आणि जीव जाण्याइतक्या आजारी होत्या. आता घरी नेलं की रात्री ह्यांना कुणी उठवायचं नाही. पाण्यासाठी नाही, कशासाठीच नाही. औषध चुकवायचं नाही, आणि एकटं सोडायचं नाही.”

शिवानंद खुर्चीत बसला तो मान वर करेना. “मला वाटलं या दिवसांत असंच असतं,” म्हणाला. सासूबाई ताठ बसून होत्या. त्या म्हणाल्या, “आमी बी असंच काढलं की. पाच बाळंतपणं काढली. आमाला कोण विचारलं झोप झाली का म्हणून?”

मला त्यांचा इतका राग होता की मी काही कडू बोलणार होते. पण ते वाक्य ऐकलं आणि माझा राग त्यांच्यावरून निघून कुठंतरी फार मागं, फार लांब गेला. त्यांना खरोखरच कुणी विचारलं नव्हतं. घरी गेल्यावर कपाटाची किल्ली त्यांनी काढली की नाही मी विचारलं नाही. पाणी शिवानंद भरायला लागला, एवढं मला माहीत आहे.

विजू आठवा लागल्यावर शाळेत परत आली. रजा वाढवून मिळत होती, ती घेतली नाही. म्हणाली, “एक काम राहिलंय.” महिन्याची स्टाफ मीटिंग होती, विषय स्नेहसंमेलन. सर शेवटी म्हणाले, आणखी काही? विजू उभी राहिली. तिनं बोलायला सुरुवात केली आणि मी पुढं सरकून बसले, कारण तिचा आवाज खाली आला होता. पंख्याच्या आवाजात ऐकू येईना म्हणून कुणीतरी पंखा बंद केला.

“घाडगे सर, तुम्ही माझा एक फोटो काढला होता. तो कशाचा फोटो होता ते सांगायचं राहिलं. पोटात बाळ, अंगात साखर आणि आठवडेच्या आठवडे झोप नाही, अशा बाईचा तो फोटो होता. दिवसातनं तेवढीच झोप मिळत होती मला. तुम्ही ती पण बंद केली. मी त्यानंतर मरायला निघाले होते.”

घाडग्यांनी हातातली वही मिटली.

“तुमच्यामुळं निघाले असं म्हणत नाही. एकट्या तुमच्यामुळं नाही. पण हसलेल्यांची नावं अजून गटावर आहेत. मागून हसलात, आता तोंडावर हसा की.”

घाडगे सरांचा चेहरा उतरला होता. “सॉरी, मॅडम. मला माहीत नव्हतं.”

“सॉरी नको. खाट पाहिजे,” विजू म्हणाली. “एक खोली आणि एक खाट. गरोदर असो, पाळी असो, ताप असो. ऑफ तासाला बाईला पाठ टेकायला जागा.”

सर म्हणाले, मागणी रास्त आहे, पण संस्थेकडं तशी तरतूद नाही, वरिष्ठांशी बोलावं लागेल. ती बसली. दुसऱ्या दिवशी घरून एक चादर घेऊन आली. ऑफ तासाला तिनं ती स्टाफरूमच्या मधोमध, कपाट आणि मोठ्या टेबलाच्या मध्ये अंथरली, पर्स उशाला घेतली, डाव्या कुशीवर वळली आणि झोपली. मी तिच्या पायाशी खुर्ची टाकून वह्या तपासायला बसले. ज्याला कपाटाकडं जायचं होतं त्याला भिंतीला घासून जावं लागत होतं. सर आले, दारात थांबले.

“हे काय चाललंय?”

“ऑफ तास आहे तिचा,” मी म्हटलं. “हळू बोला.”

ते गेले. प्रसूतीच्या रजेपर्यंत ती रोज तशी झोपली. फोटो कुणी काढला नाही. लाडूवाल्या बाई एकदा तिच्या अंगावरून पलीकडं जाताना थांबल्या, तिचा घोट्याच्या वर गेलेला निऱ्यांचा काठ नीट केला आणि निघून गेल्या.

मुलगी झाली. रडली जोरात, सगळी तपासणी ठीक. विजूची साखर बाळंतपणानंतर उतरली, दरवर्षी तपासत राहा म्हणून सांगितलं आहे. मनाच्या गोळ्या आणखी काही महिने चालल्या. मुलगी मांडीवर घेऊन ती मला म्हणाली होती, “हिचा राग येत नाही आता. हिच्यासाठी येतो.”

हे सगळं इथंच गोड संपलं असतं तर मी लिहायला बसलेच नसते. विजू रजेवरून हजर झाली त्याच आठवड्यात तिची बदली झाली. संस्थेची एक शाखा करकंबला आहे, पंढरपूर तालुक्यात. तिथं गणिताला शिक्षक नाही, शाळेची गरज आहे, असं कारण. आमच्याकडं गणिताला तिच्या जागी कुणी आलं नाही. चार महिने पोरांचे तास रिकामे गेले. घाडगे सर पर्यवेक्षक झाले. खाट आली नाही. मी संस्थेच्या कार्यालयात गेले, तिथल्या गृहस्थांनी माझ्यासाठी चहा मागवला आणि सांगितलं की बदली ही शिक्षा नसते, मॅडम. अंगावर पिणारं बाळ घेऊन, नवरा इकडं आणि आपण तिकडं, म्हाताऱ्या आईला सोबत घेऊन एका अनोळखी गावात बिऱ्हाड मांडायचं, ही शिक्षा नसते तर काय असते, हे त्यांनी मला सांगितलं नाही. चहा मी तसाच ठेवला.

तू भांड, मी म्हटलं, कोर्टात जाऊ. ती म्हणाली, “जाऊ की. तिथं राहून जाऊ. पगार सोडून आणि पोर उपाशी ठेवून नको.”

एसटी स्टँडवर मी सोडायला गेले. शिवानंदनं बोचकी वर चढवली, त्याच्या खांद्यावर लेक झोपली होती. अव्वा खिडकीशी जाऊन बसली. विजू खाली माझ्यापाशी उभी होती. माझे डोळे भरून आले, मी पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांत कितीतरी जणींना निरोप देताना मी अशीच रडले आहे.

तिनं माझा हात तोंडावरून बाजूला केला. आणि अगदी खाली, मला वाकून ऐकावं लागावं अशा आवाजात म्हणाली, “रडू नका, अक्का. चिडा.”

गाडी सुटली. मी स्टँडवरून घरी गेले नाही, शाळेत गेले. मुख्याध्यापकांच्या खोलीचं दार लावलेलं होतं. आत बैठक चालू होती, घाडगे सरांचं हसणं बाहेर ऐकू येत होतं. मी दार वाजवलं नाही. ढकललं आणि आत गेले.